शववाहिकेचं मॅनिफोल्ड आणि दोन सावत्र हेडं

बावीस वर्षं काकू घाटात बंद पडलेल्या गाड्या ओढत होत्या. बसगाड्या ओढल्या, दुधाचे टँकर ओढले, एकदा तर हत्तीसकट सर्कशीचा ट्रक ओढला, आणि वर पोचल्यावर हत्तीने स्वतः खाली उतरून सोंडेने काकूंच्या कपाळावरचा घाम पुसला, असं पायथ्याच्या टपरीवर अजून सांगतात. हत्ती दोन होते असंही काही जण म्हणतात, पण ते खोटं आहे. एकच होता.

अशा या काकूंची टोचन गाडी एका मंगळवारी संगमरवराचा ट्रक ओढताना तापली आणि इंजिनाची दोन्ही हेडं, म्हणजे सिलिंडरांवरची लोखंडी झाकणं, अशी तडकली, की आवाज ऐकून खालच्या शाळेने मधली सुट्टी दिली. गाडी घरी आणून शेडमध्ये लावली. शेडच्या एका बाजूला काकूंची हत्यारं आणि दुसऱ्या बाजूला काकांची पिठाची पोती. काका म्हणजे काकूंचे यजमान. ते पहाटे बेकरीत भट्टी सांभाळायचे, उजाडल्यावर पोत्यांवर झोपायचे आणि उरलेल्या वेळात बायकोला घाबरायचे.

गाडी मोडली याचं काकूंना काही वाटलं नाही. मोडलेल्या गाड्यांवरच त्यांचं घर चाललं होतं. हातातला पाना खाली ठेवायला लावला तो रस्तेखात्याच्या पत्राने. यंदापासून घाटात एकच टोचन गाडी राहणार होती, आणि ती कुणाची, हे पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ठरणार होतं. खडीने भरलेला ट्रक पायथ्यापासून वरच्या चौकीपर्यंत कुठेही न थांबता ओढून न्यायचा. नेईल त्याचा घाट.

दुसरा उमेदवार म्हणजे काकूंचा सख्खा दीर. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याने कानात सांगितलेली गोष्ट नदीपलीकडच्या लोकांनाही कळायची. वर्षापूर्वी भांडून वेगळा झाला होता आणि कोरी करकरीत गाडी घेऊन आला होता. पत्र आलं त्याच दिवशी तो वहिनीच्या समाचाराला हजर झाला.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. घाट माझा झाला तरी तुम्हाला वाऱ्यावर सोडीन होय? ऑफिस काढतोय मी. पंखा, खुर्ची, टेलिफोन. फोन आला की उचलायचा आणि हॅलो म्हणायचं. बसल्या बसल्या काम."

"भाऊजी, बसल्या बसल्या काम कोंबडी करते," काकू म्हणाल्या. "आणि तीसुद्धा अंडं दिल्याशिवाय ओरडत नाही."

भोंगा हसत गेला, पण ती खुर्ची काकूंच्या डोक्यातून जाईना. त्यांनी स्वतःचे हात बघितले. नखांत बावीस वर्षांचं ग्रीस. या हातात टेलिफोन धरायचा, आणि बाहेर घाटात दुसऱ्याची गाडी चढताना नुसता आवाज ऐकायचा! त्यापेक्षा हत्तीच्या पायाखाली गेलेलं बरं.

नवी हेडं घ्यायची तर शेड विकावी लागली असती, आणि मग हेडं ठेवायची कुठे? तेव्हा काकू भंगारवाल्याकडे गेल्या.

"एकाच आईची जोडी मागू नका काकू," भंगारवाला म्हणाला, "सावत्र बहिणी देतो."

पहिलं हेड निघालं अग्निशमन दलाच्या पंपाचं. ते तीनदा घासून सपाट केलेलं, त्यामुळे पार रोडावलेलं. दुसरं बर्फाच्या कारखान्यातल्या जनरेटरचं. त्याला जन्मात कुणी पाना लावला नव्हता. जाडजूड, तुकतुकीत. आणि मॅनिफोल्ड म्हणाल तर सबंध वाड्यात, म्हणजे भंगाराच्या वाड्यात, एकच शिल्लक होतं. शववाहिकेचं.

आता हे मॅनिफोल्ड काय करतं ते सांगायला हवं. काकूंचं इंजिन आठ सिलिंडरचं. पुस्तक अर्धवट उघडून हातात धरावं तशा त्याच्या दोन बाजू. चार सिलिंडर या पानात, चार त्या पानात, प्रत्येक पानावर एक हेड, आणि दोन्ही पानांच्या मधल्या घळीत मॅनिफोल्ड. वरच्या कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल घ्यायचं आणि आठही तोंडांना सारखं वाटायचं. आठ लेकरांच्या आईचं काम. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, आणि मधल्या मध्ये सांडायचं नाही.

शववाहिकेच्या गिऱ्हाइकांना कधी घाई नसल्यामुळे तिच्या मॅनिफोल्डची भोकं नाकपुडीएवढी होती. हेडांची भोकं मात्र चांगली उभी, टपालपेटीच्या तोंडासारखी. बारा बोल्टांपैकी पाचच बोल्ट भोकांत गेले. उरलेले सात भलत्याच दाराशी आलेल्या पाहुण्यांसारखे बाहेर ताटकळत राहिले. शिवाय एक हेड रोड आणि एक जाड, त्यामुळे मॅनिफोल्ड इकडे बसवलं की तिकडून उठायचं.

काकूंनी पदर खोचला आणि गोल कानस काढली. बोल्टांची भोकं घासून लांबट केली. मॅनिफोल्डच्या नाकपुड्यांवर निळा रंग लावून, हेडाचा छाप घेऊन, त्या रुंद केल्या. बिडाचा कीस शेडभर उडाला. चौथ्या दिवशी काकांनी बेकरीत शिंक दिली तर तिच्यातून खिळा घडेल एवढं लोखंड निघालं. शेवटी जाड्या हेडाच्या बाजूला एक गॅस्केट, म्हणजे फट बुजवायचा जाड कागद, आणि रोड्या हेडाच्या बाजूला दोन गॅस्केट घालून मॅनिफोल्ड एकदाचं बसलं.

बसलं की नाही हे बघायची काकूंची एक पद्धत होती. वर्तमानपत्राची बारीक पट्टी मॅनिफोल्डच्या कडेने फटीत सारायची आणि ओढायची. पट्टी फाटली तर घट्ट, निसटली तर ढिलं. त्यांनी दोन्ही बाजूंच्या वरच्या कडेने पट्ट्या सारल्या. सगळ्या फाटल्या. खालची कड घळीत जाते. तिथे ना डोळा पोचत, ना हात. पण एकाच घरचं हेड आणि मॅनिफोल्ड असलं की वर घट्ट तर खाली घट्टच, असा बावीस वर्षांचा अनुभव. ही तीन घरची मंडळी आहेत, हे त्या क्षणी काकूंच्या ध्यानात राहिलं नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, आणि मागून जो निळा धूर सुटला, तो धूर नव्हता, ती आपत्ती होती. कोंबड्या संध्याकाळ झाली असं समजून खुराड्यात गेल्या. पोस्टमनने अंदाजाने पत्रं टाकली आणि ती सगळी चुकीच्या घरांत पडली. त्यातून मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या बायकोला नवऱ्याची दुसरी शिलाई कळली आणि पुढे बराच काळ त्या घरात मशीन चाललं नाही. काकांना पोत्यांवरून उठून दार सापडेपर्यंत ते दोनदा परत पोत्यांवरच पोचले.

धूर बघून लेथवाला धावत आला. त्याला सगळे दशांश म्हणत. तो चहासुद्धा दीड दशांश कमी गोड आहे म्हणून परत पाठवायचा.

"काकू, रिंगा गेल्या," दशांश खोकत म्हणाला. "पिस्टनच्या रिंगा. तेल वर येतंय आणि जळतंय. इंजिन पूर्ण खोलावं लागणार. चार दिवस."

"रिंगा नव्या आहेत. मी माझ्या हाताने घातल्यात."

"मग उलट्या घातल्या असतील."

"दशांश, बावीस वर्षांत मी फक्त एकदा उलटं काही घातलंय. ते ब्लाउज होतं, आणि त्या दिवशी दिवे गेले होते."

दशांश मान हलवतच गेला. परीक्षेला एक दिवस, आणि दशांश सांगतो चार दिवस. धूर जरा तरी कमी व्हावा म्हणून काकूंनी इंजिनाच्या एका बाजूच्या श्वासनळीत चिंधीचा बोळा कोंबला, दुसऱ्या बाजूचं तेल भरायचं झाकण काढून तेल बघितलं, आणि कपाळाला हात लावला. तेल निम्म्यावर आलं होतं. खाली जमिनीवर मात्र थेंब नाही.

तेवढ्यात धुरातून भोंगा अवतरला. इंजिन अजून धडधडतच होतं.

"वहिनी! ही टोचन गाडी आहे का वीटभट्टी?"

"वीटभट्टी. पहिली वीट तुमच्या टाळक्यासाठी भाजतेय."

"रागावू नका हो. बघा, कार्डं छापून आली." त्याने खिशातून एक पातळ, गुळगुळीत कार्ड काढलं. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'घाटसम्राट'. खाली त्याचा फोटो, गॉगल लावलेला. "एक तुमच्याकडे ठेवा. उद्यापासून लोक विचारतील, तर दाखवायला."

आणि त्याने ते कार्ड दिमाखात इंजिनावर ठेवलं. नेमकं तेल भरायच्या उघड्या भोकावर.

टप्!

कार्ड भोकावर चिकटून बसलं. मधोमध खड्डा पडला. घाटसम्राटांचा चेहरा आत खेचला गेला आणि गाल बसले. भोंग्याने नखाने उचलायचा प्रयत्न केला. निघेना.

काकू बघतच राहिल्या. चांगलं इंजिन या भोकातून हवा बाहेर सोडतं. रिंगा गेलेलं इंजिन तर भसाभस सोडतं. कार्ड उडून छताला लागायला हवं होतं. हे इंजिन आत ओढत होतं! आणि अख्ख्या इंजिनात असं ओढणारी गोष्ट एकच. मॅनिफोल्ड. म्हणजे मॅनिफोल्डची खालची कड, जिथे डोळा जात नाही, हात जात नाही, पट्टी जात नाही, ती उघडी होती. वरून ओठ मिटलेले आणि खालून आ वासलेला. घळीत उडणारं तेल ते बसल्या जागी पीत होतं आणि मागून धूर सोडत होतं. बिचाऱ्या रिंगांचा काही गुन्हाच नव्हता.

काकूंनी चेहरा दगडासारखा ठेवला. "भाऊजी, कार्ड फार छान छापलंय. आमच्या गाडीला तर इतकं आवडलं, सोडवत नाही तिला. या आता."

भोंगा गेला तशी त्यांनी इंजिन बंद केलं, आणि पोत्यांवरच्या काकांना गदागदा हलवलं.

"अहो, उठा. पीठ मळा."

"आत्ता? किती पाव?"

"पाव नाही. फटीत भरायचंय. मॅनिफोल्ड कुठल्या बाजूला किती उघडं आहे, त्याचा साचा हवाय मला. उकललं की तसाच्या तसा हातात आला पाहिजे. फुगता कामा नये, आकसता कामा नये."

काका डोळे चोळत उठून बसले. संसाराला सत्तावीस वर्षं झाली होती, पण काकूंनी कामातलं काही त्यांना विचारावं असा हा पहिलाच दिवस. त्यांनी बाह्या सावकाश वर केल्या.

"खमीर नाही घालायचं," ते म्हणाले. "निम्मं मीठ. पाणी बेताचं. मंद आचेवर वाळवायचं, भाजायचं नाही. घाई केलीस तर तडकेल, आधीच सांगतोय."

"मी कधी घाई करते?"

काकांनी परातीत मीठ ओतलं. भिडस्त माणूस.

गॅस्केट काढून टाकली. मिठाच्या पिठाच्या वळ्या करून दोन्ही हेडांच्या तोंडांवर वरपासून खालपर्यंत थापल्या, वर तेलाचा हात फिरवला, मॅनिफोल्ड ठेवलं, बोल्ट आवळले आणि पुन्हा उकललं. साचे अलगद निघाले. दोन्हींना सारखाच तिरपेपणा. वरची कड नखासारखी पातळ, खालची कड शर्टाच्या बटणाएवढी जाड. शववाहिकेचा कोनच वेगळा होता. शेवटच्या प्रवासालाही ती बनवणाऱ्यांनी उतार काढला असावा.

काकांनी साचे भट्टीच्या कडेला वाळवले, आणि काकू ते ताटलीत घालून दशांशच्या लेथवर गेल्या. मॅनिफोल्ड काकांच्या डोक्यावर.

दशांशने ताटली बघितली. "हे काय?"

"ड्रॉइंग."

"काकू, तीस वर्षं झाली मला या धंद्यात. बिस्किटाचं ड्रॉइंग आजवर कुणी आणलं नव्हतं."

"वरच्या कडेला जास्त घास, खालच्या कडेला अजिबात नको. साच्यात जेवढा फरक आहे तेवढाच. दोन्ही बाजूंना."

दशांशने साचा व्हर्नियरमध्ये धरला. एकदा मोजला, दुसऱ्यांदा मोजला. मग त्याचा आवाज हळू झाला. "काका, हे तुम्ही केलंत? लांबीभर उतार तोच, अर्ध्या दशांशाचासुद्धा फरक नाही."

"पीठ चांगलं आहे," काका म्हणाले आणि लाजले.

दिवेलागणीच्या आत मॅनिफोल्ड घासून आलं. या वेळी काकूंनी पट्टीवर भागवलं नाही. मॅनिफोल्डच्या दोन्ही तोंडांना निळा रंग लावला, बसवून उचललं, आणि हेडांवरचा छाप न्याहाळला. वरही निळं, खालीही निळं, सलग. तेव्हा कुठे त्यांनी एकेक गॅस्केट घालून बारा बोल्ट आवळले. इंजिन सुरू केलं तर मागून जे निघालं ते इतकं स्वच्छ होतं, की काकांनी त्यावर रुमाल वाळवला.

गुरुवारी घाटाच्या पायथ्याशी ही गर्दी. रस्तेखात्याचे साहेब खडीच्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसले. साहेब म्हणजे सुकलेला, नियमाने चालणारा माणूस. नियमात असतं तर तो उलटाही चालला असता.

पहिली पाळी भोंग्याची. नवी गाडी ऐटीत निघाली. पाच वळणं तिने अशी घेतली की भोंग्याने खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना अभिवादन केलं. सहाव्या वळणावर, जिथे चढ अंगावर येतो, तिथे गाडीत लाल दिवा लागला आणि आतून एका बाईचा गोड आवाज आला, 'इंजिन गरम झाले आहे. कृपया वाहन थांबवा.' आईचं नाही, वहिनीचं नाही, स्वतःच्या बायकोचंही नाही, जन्मात कुठल्या बाईचं भोंग्याने ऐकलं नव्हतं. हिचं ऐकलं. गाडी अर्धा मिनिट थांबली, बाईचं समाधान झालं, मग वर गेली.

"थांबलात," साहेबांनी वर पोचल्यावर लिहिलं.

"थांबलो नाही साहेब, विसावलो!"

"विसाव्याचा रकाना नाही. आता त्याही थांबल्या तर दोघंही नापास, आणि घाटाला बाहेरून माणूस आणू."

ट्रक पुन्हा खाली आणला, आणि आपली गाडी वरच ठेवून भोंगाही त्यातून खाली आला. काकूंनी साखळी स्वतः अडकवली. शेजारी काका बसले, डोळे घट्ट मिटून. पहिल्या गिअरमध्ये गाडीने ट्रकाचं वजन घेतलं आणि निघाली. एक वळण, दोन, चार. अग्निशमनचं हेड आणि बर्फाचं हेड, दोघी सावत्र बहिणी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. काकू इंजिनाशी बोलत होत्या. काय बोलत होत्या ते छापता येणार नाही, पण काकांचे कान लाल झाले होते.

सहाव्या वळणावर आवाज बदलला. धडधडीत एक ठोका चुकायला लागला.

"काय झालं?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"एक गेला."

"अरेरे! कोण?"

"सिलिंडर हो! तुमच्या ओळखीचा नाही."

सातांवर एवढा भार. पाय जरा जास्त दाबला तर इंजिन गुदमरणार, जरा कमी दाबला तर गाडी थांबणार. काकूंनी श्वास रोखला आणि पाय एका जागी धरला. गाडी इतकी हळू झाली की रस्त्याच्या कडेने चाललेली एक गोगलगाय पुढे निघून गेली, आणि जाता जाता तिने वळून पाहिलं.

गर्दीबरोबर मागून चालत वर आलेला भोंगा नाचायलाच लागला. "थांबली! साहेब, थांबली! बघा!"

साहेब ट्रकातून उतरले. वाकून चाकाकडे बघितलं. डोळे बारीक केले. चाक फिरतंय की उभं आहे, देवालासुद्धा सांगता आलं नसतं. साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि काकूंच्या गाडीच्या पुढच्या चाकाला लागून रस्त्यावर आडवं ठेवलं. मग मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहिले. गर्दी चिडीचूप. भोंगासुद्धा हळू श्वास घ्यायला लागला, म्हणजे फक्त पलीकडच्या वळणापर्यंत ऐकू जाईल इतका. काकूंना खिडकीतून ना पेन दिसत होतं, ना चाक. त्यांच्या पायाला तेवढं कळत होतं की खाली काहीतरी अजून जिवंत आहे.

कट्!

पेन फुटलं. शाई रस्त्यावर पसरली.

"चालू आहे," साहेब म्हणाले आणि चालत्या गाडीबरोबर चालायला लागले. त्यांना फार पावलं टाकावी लागत नव्हती.

उरलेल्या तीन वळणांना पाऊण तास लागला. चौकीच्या दांड्याखालून ट्रकाचं मागचं चाक गेलं तेव्हा काकूंच्या अंगावरचा एकही धागा कोरडा नव्हता. त्यांनी हातब्रेक ओढला, पण इंजिन चालूच ठेवलं.

साहेबांनी कागद बाहेर काढला. खिसे चाचपले. चौकीतल्या शिपायाचे खिसे चाचपले. मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. अख्ख्या घाटमाथ्यावर एकच पेन होतं, आणि ते भोंग्याच्या वरच्या खिशात चमकत होतं.

"द्या," साहेब म्हणाले.

भोंग्याने पेन दिलं. उभ्या आयुष्यात एवढ्या हळू आवाजात तो पहिल्यांदाच काही बोलला. "झाकण घट्ट आहे. डावीकडे फिरवा."

साहेबांनी खिडकीच्या चौकटीवर कागद ठेवून सही केली आणि काकूंच्या हातात दिला. ग्रीसचा अंगठा उमटला. "अभिनंदन. आता इंजिन बंद करा, फार आवाज होतोय."

काकूंनी ऐकू आलं नाही असं दाखवलं, साखळी सोडवली आणि गाडी उताराला लावली.

"अगं, बंद का नाही केलंस?" काकांनी आता कुठे डोळे उघडले होते.

"आणि सुरू नाही झालं तर?" काकू दातओठ खात म्हणाल्या. "घाटात परवानगी असलेली टोचन गाडी ही एकच. मला खाली कोण नेणार?"